पांढरा सगळ्यांत शेवटी

तैलरंगात व्यक्तिचित्रं करणाऱ्याचा बराचसा पैसा पांढऱ्या रंगात जातो. बाकीच्या ट्यूबा लहान घेतल्या तरी वर्षभर पुरतात. कधी कधी तर आत रंग शिल्लक असतानाच टोपण कायमचं चिकटून बसतं. पांढरा मात्र मोठ्या ट्यूबमध्येच आणावा लागतो आणि तरी तो रविवारी दुपारी, दुकान बंद असताना संपतो. पॅलेट लावताना त्याचा ढीग सगळ्यांत मोठा, अंगठ्याच्या भोकाजवळ, हाताशी. आम्हाला असंच शिकवलं गेलं. शिकवणाऱ्यांना त्यांच्या शिक्षकांनी असंच शिकवलं होतं, आणि ही साखळी मागे मागे नेली तर ती लंडनच्या कुठल्यातरी उत्तरेकडे खिडकी असलेल्या थंड स्टुडिओत जाऊन पोचते. कृतीही ठरलेली. पांढरा घ्या, त्यात थोडा यलो ऑकर, चिमूटभर लाल, झाली त्वचा. समोर बसलेली बाई केंटची असो की कागलची.

आपल्याकडच्या पोर्ट्रेटचं जितकं नुकसान या ढिगानं केलं, तितकं कच्च्या ड्रॉइंगनंही केलं नसेल असं माझं मत आहे. सहकारी बँकांच्या, साखर कारखान्यांच्या, शिक्षणसंस्थांच्या सभागृहांत भिंतीवर ओळीनं टांगलेली संस्थापकांची तैलचित्रं एकदा सावकाश पाहा. फेटा उत्तम, कोटाची बटणं उत्तम, चष्म्याच्या काडीवरची चमकसुद्धा जागच्या जागी. चेहरे मात्र पिठूळ. उन्हातान्हात गावोगाव हिंडून संस्था उभी केलेली माणसं पावडर थापून बसलेली. चित्रकाराला चेहऱ्याची उजेडातली बाजू दाखवायची होती, म्हणून त्यानं तपकिरी मिश्रणात पांढरा घातला. तो पुरेना म्हणून आणखी घातला. पांढऱ्यानं मिश्रण उजळतं हे खरंच, पण त्याच वेळी ते फिकं आणि थंडही होतं. त्यातून टायटॅनियम व्हाइट भलता जोरकस. जरासा पडला तरी शेजारच्या रंगाचं तेज खाऊन टाकतो. गोऱ्या युरोपीय गालावर हा थंडपणा खपून जातो, कारण मूळ त्वचेतच तो थोडाफार असतो. आपल्या गालावर तो राखाडी होऊन बसतो.

त्वचा अपारदर्शक असती तर एवढी अडचण आली नसती. पण उजेड तिच्यावर नुसता आपटून परत फिरत नाही, आत शिरतो. वरच्या थरातलं मेलॅनिन त्यातला काही भाग पिऊन टाकतं, खालच्या थरातलं रक्त आणखी काही, आणि उरलेला उजेड विखरून, तांबूस होऊन बाहेर पडतो. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. हळदणकर मूळचे सावंतवाडीचे. या चित्रासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. दिव्यापुढे आडव्या धरलेल्या हाताची बोटं त्यात पाहावीत. बोटांच्या कडांतून उजेड लाल होऊन झिरपतो. ते जलरंगातलं काम आहे, म्हणजे तिथला उजेड खालच्या कागदाचा आणि वर रंगाचे पातळ पारदर्शक थर. तैलरंग वापरणाऱ्याला कागदाची ही सोय नाही. त्याला तोच आभास घट्ट, अपारदर्शक लगद्यातून काढायचा असतो, आणि म्हणून कोणत्या ढिगातून कोणत्या ढिगाकडे जायचं याचा विचार त्याला आधी करावा लागतो.

रंगशास्त्राच्या नजरेनं पाहिलं तर अगदी गोऱ्यापासून अगदी काळ्यापर्यंत सगळी माणसं नारिंगीच्याच घरातली. तपकिरी हा काही इंद्रधनुष्यातला वेगळा पट्टा नव्हे. नारिंगी गडद झाला की तो डोळ्याला तपकिरी दिसतो. तेव्हा सावळा गाल सावलीतून उजेडाकडे सरकतो, तेव्हा तो पांढऱ्याकडे निघालेला नसतो, नारिंगीच्या जरा मोकळ्या, पिवळट बाजूकडे निघालेला असतो. त्याला तिकडे न्यायचं तर रॉ सिएना, यलो ऑकर, मग नेपल्स यलो अशी चढण हवी. हल्लीच्या नेपल्स यलोच्या ट्यूबमध्ये बहुधा पांढरा मिसळलेलाच असतो, त्यामुळे मी पांढऱ्यावर बहिष्कार वगैरे घातलाय असं कुणी म्हणू नये. पण तो दारातून न येता खिडकीतून येतो आणि एकटा येत नाही, एवढा फरक पुरतो.

मग निव्वळ पांढरा लागतो कुठे? चकाकीला. त्वचेवर तेलाचा आणि घामाचा पातळ पापुद्रा असतो. त्यावरून जो उजेड आत न शिरता परस्पर परततो, त्याला त्वचेचा रंग लागत नाही, तो आपल्या उगमाचाच रंग घेऊन येतो. खिडकीतून आकाश येत असेल तर निळसर, बल्ब असेल तर पिवळट. त्वचा जितकी गडद तितकी ही चकाकी उठून दिसते. गोऱ्या कपाळावर ती कपाळातच हरवते. सावळ्या कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, खालच्या ओठावर खिडकीचा तो थंड ठिपका इतका स्पष्ट असतो की त्याच्या जागेवरून खिडकी कुठे होती ते सांगता यावं. तिथे पांढऱ्यात अगदी किंचित अल्ट्रामरीन घालून एक फटकारा मारायचा आणि ब्रश खाली ठेवायचा. आपल्या त्वचेवर पांढऱ्याचं हे घर. घरमालकाला दिवाणखाना सोडून स्वैपाकघरात नाक खुपसू द्यायचं नाही, म्हणून मी तो पॅलेटवर सगळ्यांत शेवटी काढतो आणि हातापासून लांबच्या कोपऱ्यात ठेवतो. चार बोटं लांब ठेवलेला रंग कमी वापरला जातो, हे मानसशास्त्र आहे की आळस, ते मला माहीत नाही.

मोजक्या रंगांची पॅलेट ही कल्पना फार जुनी. रोमन लेखक प्लिनीनं इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवलंय की अपेलीस आणि त्याच्या तोडीचे ग्रीक चित्रकार चारच रंगांत काम करीत: पांढरा, पिवळा, लाल, काळा. अपेलीसचं एकही चित्र उरलेलं नाही, त्यामुळे भांडायला वाव भरपूर. पण हीच चौकडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला स्वीडनच्या आंदेर्श झॉर्नच्या हातात दिसते. त्याचं १८९६ सालचं आत्मचित्र स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यात त्याच्या हातातल्या पॅलेटवर पांढरा, ऑकर, हिंगूळ आणि काळा एवढेच ढीग. निळा नाही. हाडांच्या कोळशापासून केलेला आयव्हरी ब्लॅक पांढऱ्यात मिसळला की निळसर करडा होतो, आणि लालभडक गालाशेजारी तो करडा चक्क निळा दिसतो. ऑकरमध्ये मिसळला की ऑलिव्ह हिरवा. झॉर्ननं निळा कधी हातातच धरला नाही असं मात्र नव्हे. गरज पडली की तो वापरायचा. त्याच्या नावानं शपथा घेणारे हे सहसा सांगत नाहीत.

झॉर्नची चौकडी आपल्याकडे चालते का, हा प्रश्न मला विद्यार्थी नेहमी विचारतात. चालते, पण तिचा मध्य हलवावा लागतो. त्याच्या मिश्रणाचा तोल पांढरा आणि ऑकर यांच्यामध्ये कुठेतरी आहे. आपला तोल लाल, ऑकर आणि काळा यांच्यामध्ये, म्हणजे व्यवहारात बर्न्ट सिएनाच्या आसपास. सिएनाची माती भाजली की तिच्यातलं पाणी उडतं, पिवळी माती तांबूस होते. त्या एका ट्यूबमध्ये आपल्या अर्ध्या त्वचेचं काम होऊन मिळतं. मग मी सावलीसाठी काळा न वापरता बर्न्ट सिएनातच अल्ट्रामरीन मिसळतो. दोन्ही रंग पारदर्शक असल्यामुळे सावली खोल राहते, आत काहीतरी शिल्लक आहे असं वाटतं. काळा सावलीला मारतो, असं मी वर्गात सांगतो खरं. पण अमेरिकेतला केरी जेम्स मार्शल हा चित्रकार आपल्या माणसांची त्वचा सरळ काळ्यानंच रंगवतो आणि त्यासाठी आयव्हरी, कार्बन आणि मार्स असे तीन वेगळे काळे वापरतो. एक जरा उबदार, एक जरा थंड. त्याची चित्रं पाहिली की माझ्या वाक्यातला ठामपणा थोडा उतरतो.

वेलाझ्केझच्या दोन चित्रांचे छापील फोटो मी शेजारी शेजारी लावून ठेवलेत. दोन्ही १६५० साली रोममध्ये केलेली. एक पोप इनोसंट दहावा यांचं आणि दुसरं हुआन दे पारेहा याचं. हा वेलाझ्केझच्या घरचा गुलाम, त्याच्या स्टुडिओत मदतनीस, स्वतःही चित्रकार. पोपचं चित्र काढण्याआधी हात साफ करायला म्हणून त्यानं पारेहाचं केलं, असं जुने चरित्रकार सांगतात. त्याच वर्षी त्यानं पारेहाच्या मुक्तीचा कागदही केला. पोपचा चेहरा रक्तानं तापलेला, लाल झगा आणि लाल पडद्यामुळे आणखी तापलेला. पारेहाचा चेहरा तपकिरी, मागची पार्श्वभूमी हिरवट करडी, अंगावरचा कोट करडा, आणि कपाळावर खिडकीची ती थंड चकाकी. वेलाझ्केझच्या हाताशी फार रंग कधीच नव्हते; माती, शिसं, हिंगूळ, हाडांचा कोळसा, एखाददुसरा निळा. तेवढ्यातच त्यानं दोन्ही माणसं बसवली. पारेहाच्या उजेडातल्या गालाकडे पाहताना मला तिथे पांढरा जाणवत नाही. पांढरा दिसतो तो कॉलरवर, आणि त्या कॉलरमुळे गालाचं तपकिरीपण आणखी भरीव होतं.

त्याही आधी, चौदाव्या शतकाच्या अखेरच्या इटलीत, चेन्नीनो चेन्नीनी नावाच्या चित्रकारानं रंगकामाची एक पोथी लिहिली. तेव्हा रंग अंड्याच्या बलकात घोटत. चेन्नीनो सांगतो की तरुण चेहऱ्यांसाठी शहरातल्या कोंबडीच्या अंड्याचा बलक घ्यावा, तो फिकट असतो. म्हाताऱ्या किंवा सावळ्या माणसांसाठी खेड्यातल्या कोंबडीचा, कारण तो लालसर असतो. हे वाचून मला इतका आनंद झाला की काय सांगू. शेवग्याच्या झाडाखाली हिंडणारी गावरान कोंबडी आणि सावळी त्वचा यांचं नातं एका इटालियनानं सहाशे वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलेलं! त्याच पोथीत चेहऱ्याखाली आधी हिरव्या मातीचा थर द्यायचा असंही आहे. त्यावर गुलाबी चढवला की हिरवा मधूनच डोकावतो आणि अर्ध्या सावल्या आपोआप तयार होतात. पुढे काही चित्रांवरचा गुलाबी झिजला आणि सिएनाच्या जुन्या मॅडोना हिरव्या चेहऱ्यानं संग्रहालयांत बसल्या आहेत.

ही हिरवी माती, टेर व्हर्ट, मला पॅलेटवर लागतेच. अतिशय दुबळा रंग. बाकीच्यांसमोर त्याचं काही चालत नाही, आणि तोच त्याचा गुण. गव्हाळ त्वचेत, विशेषतः जबड्याच्या वळणावर आणि मानेच्या बाजूला, एक हिरवट छटा असते. ती मुद्दाम दाखवली तर माणूस आजारी दिसतो, अजिबात नसली तर प्लास्टिकचा. आमटीतल्या गुळाइतकंच तिचं प्रमाण असावं, जेवणाऱ्याला गूळ लागता कामा नये आणि नसला तर आमटी चुकल्यासारखी वाटावी.

पॅलेट लावण्याचा सगळ्यांत शिस्तबद्ध प्रकार न्यूयॉर्कच्या फ्रँक रायलीचा. तिथल्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये तो विसाव्या शतकाच्या मध्यावर शिकवत असे. आल्बर्ट मन्सेलनं रंगांची जी मोजणी १९०५ सालच्या पुस्तकात मांडली, तिच्यावर रायलीचा भरवसा. आधी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत करड्याच्या नऊ पायऱ्या घोटायच्या. मग त्याच पायऱ्यांना समांतर त्वचेच्या रंगांची एक ओळ, लालसर रंगांची एक ओळ. मॉडेल येऊन बसायच्या आधी हे सगळं तयार हवं. चित्र रंगवायला घेतलं की कोणत्या पायरीवरचा ढीग उचलायचा एवढाच प्रश्न उरतो.

ही पद्धत मी मनापासून करून पाहिली आणि तिच्यातली करड्याची ओळ माझ्याकडे कायमची राहिली. उजेड-सावलीची पायरी चुकली तर रंग कितीही सुंदर असला तरी नाक चेहऱ्यावर बसत नाही. पायरी बरोबर असेल तर जांभळा गालसुद्धा गाल वाटतो. पण त्वचेच्या आयत्या ओळी मला मानवल्या नाहीत. एवढं सगळं घोटून तयार असलं की समोरच्या माणसाकडे पाहण्याची निकड कमी होते. हात आपोआप ओळीतला पुढचा ढीग उचलतो. आणि ती ओळ कुणाच्या त्वचेवरून ठरवली होती? फिकट गुलाबीपासून सुरू होऊन अंधारात उतरणाऱ्या ओळीत आपली माणसं सगळी खालच्या पायऱ्यांवर, सावलीच्या घरात जमा होतात. त्यांच्या उजेडाला जागाच उरत नाही. म्हणून पॅलेट लावणं हे मला नुसतं तयारीचं काम वाटत नाही. माणूस दारातून आत यायच्या आधी त्याच्यात आपल्याला किती दिसणार, याचा पुष्कळसा निकाल तिथेच लागलेला असतो.

माझी स्वतःची मांडणी अशी. टेबलावर काच, काचेखाली कॅनव्हासला दिलेल्या थराच्याच रंगाचा कागद, बहुतेक वेळा मध्यम तपकिरी करडा. पांढऱ्या पॅलेटवर कुठलाही तपकिरी ढीग फार काळा वाटतो, मग घाबरून आपण त्यात पांढरा घालतो. तो शिरण्याची ही दुसरी वाट. जुने लाकडी पॅलेट तपकिरी असत आणि चित्रकार तपकिरी थर दिलेल्या कॅनव्हासवर काम करीत, तो योगायोग नसावा. वरच्या कडेला डावीकडून बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन, गडद लाल, बर्न्ट सिएना, रॉ सिएना, ऑकर, कॅडमियम रेड लाइट, नेपल्स यलो आणि टेर व्हर्ट. गडद लालाच्या जागी पूर्वी ॲलिझरिन असे. पण तो उजेडात उडतो, आणि ज्या चित्रात ओठच काही वर्षांनी पांढुरके पडणार ते कुणी पैसे देऊन का घ्यावं? आता त्याच छटेचे टिकाऊ रंग मिळतात. बाकी मातीचे रंग १९३१ साली शाईपासून धंदा सुरू केलेल्या दांडेकरांच्या कॅमलचे असोत की परदेशी, फारसं अडत नाही. माती ती माती.

यातून पहिला ढीग मधला. बर्न्ट सिएना आणि रॉ सिएना समसमान, त्यात जरासा अल्ट्रामरीन. तो पॅलेट नाइफच्या टोकावर घ्यायचा, एक डोळा मिटून समोरच्या माणसाच्या गालापाशी, म्हणजे नजरेच्या रेषेत, धरायचा. नाइफवरचा रंग आणि गाल एकमेकांत विरघळले पाहिजेत. गालाचा कुठला भाग? उजेड आणि सावली यांच्या मधला, जिथे त्वचा आपला खरा रंग सांगते. उजेडात तो उजेडाचा होतो, सावलीत सावलीचा. हा एक ढीग जमेपर्यंत मी कॅनव्हासला हात लावत नाही, मग बसलेल्या माणसानं कितीही चुळबुळ केली तरी. त्यानंतर वर जाणारे ढीग ऑकर, नेपल्स यलो घालत, खाली जाणारे गडद लाल, अल्ट्रामरीन घालत. प्रत्येक ढिगाशेजारी त्याचाच एक थंड भाऊ, टेर व्हर्ट किंवा करड्यानं निववलेला. कपाळाचं हाड जिथे वळतं तिथे पायरी तीच ठेवून उबदारातून थंडाकडे सरकायचं असतं, तेव्हा हा भाऊ कामाला येतो.

पिठूळपणातून सुटलेला माणूस बहुधा चिखलात पडतो. चार ढीग, सहा ढीग, सगळे एका ब्रशनं चाळवले की तासाभरात पॅलेटवर एकच मळका रंग उरतो. लूशियन फ्रॉइड प्रत्येक फटकाऱ्यानंतर ब्रश चिंधीला पुसायचा. स्टुडिओत चिंध्यांचे डोंगर साचत. जुनी सुती धोतरं यासाठी उत्तम. टेरिकॉट रंग शोषत नाही, नुसता पसरवतो.

युरोपातल्या पुस्तकांत चेहऱ्याचे तीन पट्टे सांगतात: कपाळ पिवळसर, मधला नाक-गाल-कानांचा पट्टा लालसर, हनुवटीचा दाढीमुळे निळसर. आपल्याकडे हे पट्टे आहेत, पण त्यांच्या सीमा निराळ्या. डोळ्यांभोवती जांभळट तपकिरी, तोंडाच्या कडांना आणखी एक गडद वलय, मानेच्या वळ्यांत रंग दाटलेला, तळहात मात्र एकदम फिकट गुलाबी. आणि शेतकऱ्याचा चेहरा तर पुस्तकाला जुमानतच नाही. फेटा किंवा टोपी काढायला सांगा. कपाळाच्या मधोमध आडवी रेघ असते. खालचा चेहरा उन्हानं भाजलेला, वरचं कपाळ बाळपणीच्या रंगाचं. एकाच माणसाच्या दोन त्वचा, दोन मधले ढीग. अशा वेळी बरेच चित्रकार टोपी चढवून मोकळे होतात. मला ती रेघ दाखवायला आवडते. घरच्यांना ती आवडत नाही, हेही अनुभवानं सांगतो.

बाईचं चित्र असेल तर कुंकू आधी लावावं, हा माझा एक हट्ट. पॅलेटवर फार तांबूस वाटणारा गाल शुद्ध लाल कुंकवाच्या खाली बसला की एकदम शांत होतो, आणि त्याला खरंच किती लाली हवी ते तेव्हा कळतं. कुंकू शेवटी लावलं की आधी जुळवलेली सगळी लाली फिकी पडते आणि पुन्हा सगळ्या चेहऱ्यावरून फिरावं लागतं. नथीचा सोनेरी उजेड वरच्या ओठावर पडतो, हिरव्या चुड्याचा मनगटावर. हे सगळं मधल्या ढिगात मिसळून मिळत नाही, त्या जागी जाऊन उचलावं लागतं.

१८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विलायती पद्धतीनं तैलरंग शिकवला गेला, तरी तिथून निघालेल्या मंडळींनी या प्रश्नाशी आपापल्या परीनं झगडा केलेला दिसतो. गोव्यात जन्मलेले ए. एक्स. त्रिंदाद मला यात सगळ्यांत जवळचे. त्यांना पूर्वेचा रेम्ब्रां म्हणत. ते विशेषण मला आवडत नाही, पण ते का सुचलं असावं हे पणजीला फुंदासांव ओरिएंतमधला त्यांचा संग्रह पाहिला की समजतं. त्यांचे चेहरे अंधारातून तपकिरीच राहून वर येतात. राजा रविवर्म्याच्या मूळ तैलचित्रांतही त्वचेच्या छटांचं भान आहे. म्हैसूरच्या त्यांच्या गायिका-वादिकांच्या समूहात वेगवेगळ्या प्रांतांतल्या अकरा स्त्रिया आहेत, आणि त्यांचे फक्त पोशाखच वेगळे नाहीत. पण १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि तिथून घरोघर गेलेल्या देवींचे गाल गुलाबी झाले. आपल्या देवघरांनी तोच रंग मनावर घेतला. अमृता शेरगिल पॅरिसमध्ये शिकून परत आली आणि तिनं तांबड्या-तपकिरी रंगांत रंगवलेल्या तीन मुलींना १९३७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीनं सुवर्णपदक दिलं. त्या चित्रात त्वचा आणि कपडे एकाच मातीतून काढल्यासारखे दिसतात. पांढऱ्याला तिनं तिथे किती थोडक्यात गुंडाळलंय ते पाहण्यासारखं आहे.

हल्ली माणूस समोर बसतच नाही, त्याचा फोटो फोनवर येतो. फोनचा कॅमेरा न सांगता त्वचा गुळगुळीत आणि फिकट करतो, आणि मधला ढीग जिथे सापडायचा तो उंबरठाच पुसून टाकतो. फिल्मचा जमाना याहून बरा होता असंही नाही; कोडॅकच्या प्रयोगशाळांत रंग जुळवायला जे नमुना-कार्ड वापरत, त्यावर अनेक वर्षं गोऱ्या बाईचाच फोटो असे. त्यामुळे फोटोवरून काम आलं की मी घरातल्या कुणालातरी, भावाला, मुलीला, नातवाला, अर्धा तास खिडकीशी बसवतो आणि त्यांच्या गालावरून ढीग जुळवतो. मेलेल्या माणसाचं नाक फोटोत सापडतं, त्वचा वारसांकडे.

अशाच एका कामात मुलगीच आईच्या चित्रासाठी बसली होती. चित्र होत आलं तेव्हा ती पाहायला आली, बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “सर, सगळं आईचंच आहे हो. पण आई एवढी सावळी नव्हती. जरा उजळ करता येईल का?” ही मागणी नवी नाही. आमच्या धंद्यात ती प्रत्येक चित्रागणिक येते, कधी थेट, कधी “प्रकाश थोडा वाढवा” अशा आडवळणानं. पण त्यात नेहमी गोरेपणाचा हव्यासच असतो असं मी आता मानत नाही. आठवणीतलं माणूस उजेडात असतं आणि भिंतीवरचं तिन्हीसांजेला पाहिलं जातं. मी बरं म्हणालो. तिचा स्वतःचा रंग आईचाच होता, हे बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता.

पॅरिसच्या गोबलॅं कारखान्यात रंगाईचा प्रमुख असलेल्या शेवरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाकडे एकोणिसाव्या शतकात तक्रार आली की तिथला काळा धागा नीट काळा दिसत नाही. त्यानं तपासलं तर रंगात काही खोट नव्हती. शेजारच्या धाग्यांमुळे काळा फिका भासत होता. १८३९ साली त्यानं यावर जाडजूड ग्रंथच लिहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रॉ अंबरमध्ये अल्ट्रामरीन मिसळून आईच्या मागची भिंत दोन पायऱ्या खाली आणली आणि खांद्यावरच्या पांढऱ्या पदराला पातळ करड्याचा हात दिला. मुलगी आठवड्यानं आली. म्हणाली, “हां, आता बरोबर रंग आला. किती सुधारलंत हो चेहऱ्याला.” चेहऱ्याला मी ब्रश लावला नव्हता. रॉ अंबर बाकी रंगांपेक्षा लवकर वाळतो, त्यामुळे चित्र वर्षश्राद्धाच्या आधी त्यांच्या घरी गेलं.